टोपी, ताप आणि गहाणखत : सोलापूरच्या एका गिरणी कामगाराच्या आयुष्याचा माग

आमचे पणजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते. घरात सगळ्यांना एवढं ठाऊक होतं. त्यापुढच्या दोन गोष्टी पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात. पहिली, ते मोठ्या दुष्काळात गाव सोडून सोलापुरात आले. दुसरी, १९३० च्या मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घातली म्हणून त्यांनी सहा महिने तुरुंग भोगला. दुसरी गोष्ट लग्नकार्यात, बारशात, कोणी पाहुणा आला की हमखास निघायची, आणि अभिमानाने निघायची. ही गोष्ट कागदावर उभी राहते का हे पाहायला मी घेतलं. शोध मात्र जिथे पोचला, त्याचा घरात कोणी कधी उच्चारही केला नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. सोलापुरातल्या पुष्कळ गिरणी कामगारांच्या नातवंडा-पतवंडांना यातली वाट उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

सांगणारं माणूस एकच उरलं होतं: आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी. तिचा जन्म १९३६ चा. म्हणजे तिने सांगितलेलं सगळं एकाच तोलाचं नव्हे. १९४८ चं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, १९३० चं आईकडून ऐकलेलं, आणि दुष्काळाचं आईने कुणाकडून तरी ऐकलेलं. तिच्याशी बोलताना मी दर वाक्याला एकच विचारायचो, ‘हे तू बघितलंस का आईनं सांगितलं?’ ती कधी रागावली नाही. ‘बघितलं ते बघितलं म्हणते की रे, आईचं ते आईचं,’ असं म्हणून ती खरोखरच वेगवेगळं सांगायची.

वहीची मांडणी साधी ठेवली. उजव्या पानावर शहराचा आणि देशाचा इतिहास, तारखांसकट. डाव्या पानावर पणजोबांबद्दल फक्त जे कागदावर सापडलं ते. उजवीकडची घटना केवळ त्याच वर्षी घडली म्हणून डावीकडे न्यायची नाही. हा नियम पाळणं फार जड जातं, कारण सोलापूरचं उजवं पान इतकं भरगच्च आहे की आपला माणूस त्या प्रत्येक घटनेत असावा असं वाटत राहतं.

दुष्काळाची गोष्ट

ही लवकर निकालात निघाली. पणजोबांचं वय दोन कागदांवर मिळालं. १९३० च्या एका दस्तात ‘वय वर्षे ३८’ आणि नगरपालिकेच्या मृत्यू नोंदीत १९५१ साली ‘वय ६०’. जुन्या कागदांतली वयं अंदाजाने सांगितलेली असतात, लोक पाचाच्या-दहाच्या पाढ्यात वय सांगत. तरी दोन्ही कागद मिळून जन्म १८९१-९२ च्या आसपास येतो.

आमच्या भागात ‘मोठा दुष्काळ’ म्हटला की तो १८७६ ते १८७८ चा. सोलापूर जिल्ह्याला त्याची झळ फार भयंकर लागली. रस्त्यांची, तलावांची दुष्काळी कामं निघाली. आष्टीचा तलाव त्यातलाच. १८७७ च्या सुरुवातीला रिचर्ड टेंपलने मजुरांची रोजी उतरवून पौंडभर धान्य आणि एक आणा अशी केली, तेव्हा उपाशी माणसांनी ती नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या हालांची बाजू सरकारपुढे लावून धरली. त्याच १८७७ साली शेठ मुरारजी गोकुळदासांची गिरणी सोलापुरात सुरू झाली. पुढे तिलाच शहर जुनी गिरणी म्हणू लागलं. दुष्काळ आणि गिरणी एकाच वर्षात, त्यामुळे ‘दुष्काळात आला आणि गिरणीत लागला’ ही गोष्ट सोलापुरात किती घरांत सांगितली जात असेल कोण जाणे.

पण पणजोबा तेव्हा जन्मलेच नव्हते. ती गोष्ट त्यांच्या वडिलांची असू शकते. तसा कागद मिळालेला नाही, म्हणून ती उजव्याच पानावर राहिली. घरोघरच्या आठवणींत असं फार होतं. मधली एक पिढी गळते आणि बापाचं मुलाच्या नावावर चढतं. पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने सांगोवांगीच्या प्रत्येक गोष्टीला आधी वयाची चाळणी लावावी. अर्धं काम तिथेच होतं.

मार्शल लॉ

१९३० चं सोलापूर वाचकांना ठाऊक असेल, तरी तारखा इथे हव्यात, कारण सगळा उलगडा तारखांवरच झाला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी येताच शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी शिंदीची झाडं तोडायला गेलेल्या जमावाला पोलिसांनी रूपाभवानीच्या बाजूला अडवलं आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे गेले. मग लोक बिथरले. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं, पोलीसही मारले गेले. त्यानंतरचे काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नव्हती. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला तो ३० जूनपर्यंत राहिला. तिरंगा आणि गांधी टोपी हे गुन्हे ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, येरवड्याला फाशी दिली. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ज्या दिवसांत भरते त्याच दिवसांत. हुतात्मा चौकातून जाताना आजही मान आपोआप वळते.

आमच्या घरातली गोष्ट अशी: ‘आखितीनंतर आठ दिवसांत दंगा झाला. तात्यांनी टोपी काढली नाही. गोऱ्या शिपायांनी धरलं. सहा महिने आत.’ तात्या म्हणजे पणजोबा. १९३० ची अक्षय तृतीया पंचांगात पाहिली तर १ मेची. गोळीबार ८ मेचा. म्हणजे दिवस अचूक बसत होता, आणि आईने सांगितलेलं इतकं अचूक असेल तर तुरुंगही खरा असणार असं वाटू लागलं.

शासनाने छापलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या जिल्हावार याद्यांत नाव नव्हतं. त्यावरून काहीच ठरत नाही. ज्यांनी कधी अर्ज केला नाही, ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं, अशी कितीतरी माणसं याद्यांबाहेर राहिली.

मग शाळा. आजोबा १९२२ चे, म्हणजे तेव्हा आठ वर्षांचे. नगरपालिकेच्या ज्या शाळेत ते शिकले तिचं जनरल रजिस्टर पाहायला मिळालं. या रजिस्टरांची किंमत आपल्याला अजून नीट कळलेली नाही. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, पालक, पालकाशी नातं, धंदा, दाखल केल्याची तारीख, नाव कमी केल्याची तारीख आणि कारण. गरिबाच्या घराबद्दल एका ओळीत इतकं सांगणारा दुसरा कागद नाही. आजोबांच्या ओळीत होतं: नाव कमी, जुलै १९३०, कारण ‘सतत गैरहजर, परगावी’. पुन्हा दाखल, नोव्हेंबर १९३०. म्हणजे मधल्या महिन्यांत मुलगा शहरात नव्हता. बाप तुरुंगात असेल तर आई मुलाला घेऊन गावी जाणार, हेही गोष्टीला धरूनच होतं.

गोष्ट मोडली ती गावच्या कागदांनी. पणजोबांचं गाव सीनेकाठचं, तेव्हाच्या सोलापूर तालुक्यातलं, आजच्या दक्षिण सोलापुरातलं. वडिलार्जित जमिनीत त्यांचा आणि थोरल्या भावाचा हिस्सा होता. फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, एक नोंद निघाली: पणजोबांनी आपला हिस्सा गहाण टाकला. नोंद प्रमाणित करायला सर्कल, म्हणजे महसूल खात्याचा अधिकारी, गावात आला तेव्हा देणारा आणि घेणारा दोघे समक्ष हजर होते. पणजोबांचा डाव्या हाताचा अंगठा आहे. तारीख जून १९३० ची.

शहरात लष्कर फिरत असताना आमचे पणजोबा गावच्या चावडीत सर्कलपुढे उभे होते. मार्शल लॉच्या त्या पन्नासेक दिवसांतल्या कुठल्याही शिक्षेचे सहा महिने यात बसत नाहीत. ३० जूनला तो कायदा उठला, त्यानंतर टोपीचा तो हुकूमच राहिला नाही. मे महिन्यात दोन-चार दिवस धरून ठेवलं असेल, दंड घेऊन सोडलं असेल, एवढी फट राहते. तीही मी वहीत तशीच मोकळी ठेवली आहे.

आत्याआजीला हे सांगताना जीव वरखाली होत होता. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग आईनं टोप्या चुलीत घातल्या ते?’ हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आई सांगायची की तिने घरातल्या खादीच्या टोप्या रात्रीतून चुलीत जाळल्या आणि पहाटे पोरं घेऊन गावाकडे चालत निघाली. माझ्या मते गोष्टीचं खरं बीज हेच. टोपी होती, भीती होती, घर सोडणं होतं. तुरुंग कदाचित चाळीतल्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याचा असेल. आणि ‘सहा महिने’ हा आकडा? केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ ला सुरू झाली, तिच्यात किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती. त्या वर्षांत सोलापुरात घराघरांतून ‘किती महिने?’ हा प्रश्न फिरत होता. आमच्या गोष्टीत तो आकडा तेव्हा शिरला असावा असा माझा तर्क आहे, तर्कच.

रात्रीत टोप्या जाळून तीस-पस्तीस किलोमीटर लेकरं घेऊन चालत जाणाऱ्या बाईचं धैर्य तुरुंगापेक्षा कमी कसं म्हणायचं? आमच्या घरात टोपीची गोष्ट नेहमी तात्यांची म्हणून सांगितली गेली. ती पणजीची होती.

गहाण कशासाठी

फेरफारात मूळ दस्ताचा उल्लेख होता. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचा गहाण व्यवहार नोंदणीकृत दस्तानेच करावा लागे, म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तो असणारच. सूचीवरून तारीख काढली आणि नकलेसाठी अर्ज दिला. दस्त मोडीत होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आपल्याकडचे असे कागद बहुतेक मोडीतच असतात, आणि पूर्वजांचा शोध घेणाऱ्याने मोडी शिकून घ्यावी हा माझा आग्रह आहे. मोडी वाचून देणारे लोक मिळतात, पण दुसऱ्याने वाचून दिलेल्या कागदात आपल्याला हवं तेवढंच वाचलं जातं. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, तरी वाचणाऱ्याची नजर बसली की कारकुनाचं वळणदेखील ओळखीचं होतं.

फेब्रुवारी १९३० चा दस्त. रक्कम दोनशे रुपये. कारण एका ओळीत: ‘मुलीचे लग्नकार्याकरिता’.

कुठली मुलगी? आमच्या वंशावळीत आजोबा थोरले, १९२२ चे. त्यांच्या पाठची बहीण १९२५ ची, म्हणजे तेव्हा पाच वर्षांची. पाच वर्षांच्या मुलीचं लग्न त्या काळात अगदी अशक्य नव्हतं, पण तिचं लग्न पुढे १९३९ ला झालं हे आत्याआजीला पक्कं आठवतं, ती त्या लग्नात कडेवर होती असं आई सांगायची. म्हणजे १९३० ला लग्नाची झालेली आणखी एक मुलगी या घरात होती, जिचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

इथे उजव्या पानाने वाट दाखवली. आजोबांच्या जन्माच्या नोंदीत पणजोबांचा पत्ता गिरणीची चाळ असा आहे. हा त्यांचा सोलापुरातला सगळ्यात जुना कागद. म्हणजे ते १९२२ च्या आधी आले. लग्नाला आलेली मुलगी १९१५-१७ ची असणार, म्हणजे गावात जन्मलेली. मग मधे काय झालं असेल? १९१८ हे वर्ष डोळ्यांपुढे आलं. त्या साली पाऊस दगावला, धान्य महागलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची ती साथ आली. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, आणि त्यांत तरण्याताठ्या माणसांचं प्रमाण मोठं होतं.

गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवालबुकात असतात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. तहसिलीच्या अभिलेख कक्षात त्या बांधून ठेवलेल्या असतात, काही ठिकाणी हात लावला की कोपरे गळतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर ही दप्तरं उघडली गेली आणि त्यातली बरीच पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही आली. ज्याला आपल्या माणसांचा शोध घ्यायचा आहे त्याला इतकी मोठी संधी याआधी कधी मिळाली नव्हती.

१९१८ चं पान उघडलं आणि हात थांबला. एरवी महिन्याला दोन-तीन ओळी असणाऱ्या त्या वहीत ऑक्टोबर संपता संपत नव्हता. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकाच हाताने ओळीमागून ओळ लिहिलेलं: ताप, ताप, ताप. कोतवालाला आणि पाटलाला साथीचं नाव माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. इन्फ्लुएंझा शोधायचा असेल तर खेड्यातल्या वहीत ‘ताप’ शोधावा लागतो आणि महिना बघावा लागतो. दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका तारखेला पणजोबांच्या नावापुढे ‘याची बायको, वय २२, ताप’. त्याखाली चार ओळींवर त्याच नावापुढे तान्हा मुलगा.

वहीत आडनावं नाहीत. नाव, बापाचं नाव, जात, एवढंच. आडनाव पणजोबांना पुढे गिरणीने दिलं, गावाच्या नावाला ‘कर’ लावून. गावात त्याच नावाचा आणि त्याच बापाच्या नावाचा आणखी एक माणूस होता, त्यामुळे ही नोंद आपली की त्याची हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. जातीच्या रकान्याने दोघे वेगळे झाले. मग १९१६ च्या जुलैत जन्माची नोंद मिळाली, मुलगी, बाप आमचे पणजोबा. बायकोचं नाव मृत्यूच्या ओळीत लिहिलेलं नव्हतं, पण या जन्माच्या ओळीत आई म्हणून होतं. शंभर वर्षांनी त्या बाईला घरात नाव मिळालं.

म्हणजे पणजोबांनी गाव सोडलं ते या तापानंतर. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी बायको गेली, तान्हा मुलगा गेला, पिकं गेलेली, हाताशी दोन वर्षांची लेक. १९१८ च्या शेवटापासून १९२२ पर्यंतच्या मधल्या काळात ते सोलापुरात आले, दुसरं लग्न केलं, गिरणीत लागले. घरात सांगितला जाणारा ‘मोठा दुष्काळ’ यातूनच आला का, की तो वडिलांचाच होता, हे मला सांगता येत नाही. पण त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना मार्शल लॉ नव्हती. ती १९१८ ची होती, आणि तिच्यावर आमच्या घरात एक शब्दही उरला नव्हता.

शारदा कायद्याचा मोह

ही मुलगी जुलै १९१६ ची. फेब्रुवारी १९३० मध्ये तिला चौदावं चालू होतं, चौदा पुरी नव्हती. बालविवाह प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे शारदा कायदा म्हणत, १९२९ ला मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात मुलीचं वय किमान चौदा. कायदा लागू होण्याआधी लग्नं उरकून घेण्याची देशभर झुंबड उडाली होती. दस्त फेब्रुवारीचा. तारखा अशा काही जुळतात की ‘शारदा कायद्याच्या धास्तीनं जमीन गहाण टाकली’ हे वाक्य आपोआप लेखणीतून उतरतं.

ते मी उतरू दिलं नाही. माघ-फाल्गुन ही एरवीही लग्नसराईच. शिवाय सासर निजामाच्या हद्दीतलं निघालं, जिथे तो कायदा लागूच नव्हता, आणि लग्न कुठल्या हद्दीत लागलं याचा कागद नाही. दस्तात कारण लग्नाचं आहे, घाईचं नाही. शारदा कायदा उजव्या पानावरच राहिला.

तुळजापूरची अक्का

सासर कुठलं हे कळलं कसं, ते आता सांगतो. आत्याआजीला विचारलं, ‘तात्यांची आणखी एखादी लेक होती का?’ ती ठाम नाही म्हणाली. मग मी विचारलं, घरात कोण कोण येऊन राहायचं? त्यावर ती सहज म्हणाली, ‘रझाकाराच्या वर्षी तुळजापूरची अक्का आली होती की, दोन पोरं घेऊन. नात्यातली कोणतरी. आई तिला फार जपायची.’

हे तिने स्वतः पाहिलेलं, बारा वर्षांची असताना. १९४७-४८ ला तुळजापूर, उस्मानाबाद हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात. रझाकारांच्या जाचाने हद्दीपलीकडची माणसं सोलापुरात, बार्शीत येत होती. स्टेट काँग्रेसची शिबिरं सीमेवर लागलेली होती. आत्याआजी सांगत होती की गणपती बसलेले होते आणि लष्कराच्या गाड्या रात्रभर रस्त्याने जात होत्या, पोरं मोजत बसायची, अक्का मात्र आतून बाहेर आली नाही. पंचांग काढलं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या साली गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे हे सगळे दिवस गणपतीतलेच. डोळ्यांनी पाहिलेली आठवण किती चोख असते याचा हा नमुना.

दोन पोरं सहा-आठ महिने सोलापुरात राहिली असतील तर शाळेत घातली असतील का? पुन्हा त्याच शाळेचं रजिस्टर. १९४८ च्या पानावर थोरला मुलगा सापडला. आधीची शाळा: तुळजापूर तालुका, निजाम इलाखा. जन्मसाल कारकुनाने दाखल्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं, ‘फसली १३४७’. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३७-३८. पालक: आमचे पणजोबा. पालकाशी नातं: ‘आजा’.

आजा म्हणजे आजोबा, आणि अक्काच्या पोराचा म्हणून इथे आईचा बाप. अक्का नात्यातली कोणतरी नव्हती. ती तात्यांची लेक होती, १९१८ च्या तापातून वाचलेली, जिच्या लग्नासाठी जमीन गहाण पडली ती. आत्याआजीची सख्ख्या बापाकडून थोरली बहीण. मुलाच्या ओळीत शेवटी: डिसेंबर १९४८, ‘गावी परत’.

गहाण फिटल्याची नोंद फेरफारात १९४४ ची आहे. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांना मरणाचं काम होतं आणि महागाई भत्ता सुरू झाला होता. पैसा तिथून आला असं म्हणायला कागद नाही, पण चौदा वर्षं गिरणी कामगाराने लेकीच्या लग्नाचं गहाण वागवलं आणि फेडलं, एवढं कागद सांगतात.

आत्याआजीला मी रजिस्टरच्या ओळीची नक्कल दाखवली, ‘आजा’ वर बोट ठेवून. तिने चष्मा लावून ते अक्षर पाहिलं आणि विचारलं, ‘मग आईनं आम्हाला सांगितलं का नाही?’ याचं उत्तर कुठल्याच वहीत मिळणार नाही. सवतीच्या लेकीला आईने सवतीची म्हणून कधी ओळखच करून दिली नाही, की पोरांनी विचारलं नाही म्हणून राहून गेलं? जपायची एवढं मात्र आत्याआजीने पाहिलेलं आहे, आणि तिच्या पाहिलेल्याला मी कागदाइतकाच मान देतो.

घरच्या वंशावळीत आता पणजोबांच्या नावापासून दोन रेघा निघतात. पहिलीवर त्या बाविसाव्या वर्षी गेलेल्या बाईचं नाव, खाली अक्का आणि नाव न ठेवलेला तान्हा. तुरुंगवासाचा उल्लेख काढून त्या जागी ‘मे १९३० : कुटुंब सोलापूर सोडून गावी, जून १९३० : पणजोबा गावी हजर’ असं लिहिलं आहे. घरातल्या काहींना हे रुचलेलं नाही आणि त्यांचं दुःख मी समजतो. नऊ दशकं सांगितलेली गोष्ट एका अंगठ्याने जावी हे सोपं नाही.

अक्काची पोरं १९४८ च्या डिसेंबरात परत गेली तेव्हा थोरला दहा-अकरा वर्षांचा होता. त्याच्या नंतरच्या शाळेची नोंद, घरची जमीन, अक्काच्या मृत्यूची तारीख हे सगळं तुळजापूरच्या दप्तरात असायला हवं, जुन्या नोंदींत फसली सालं आणि काही ठिकाणी उर्दू. तिथे अर्ज दिलेला आहे. उर्दू वाचणारे एक निवृत्त शिक्षक बेगम पेठेत भेटले आहेत आणि ते यायला तयार आहेत. आत्याआजीने मला अक्काच्या नवऱ्याच्या गावाचं नाव तिला आठवतं तसं दोन प्रकारे लिहून दिलं आहे. आधी त्यातलं कुठलं खरं ते बघायचं आहे.